रुजवातीविना उतरलेली नक्कल

यकृत बदलले म्हणजे यकृताचा रोग गेला, ही समजूत सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी जितकी रूढ आहे तितकीच ती पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतही रूढ आहे. आणि वरवर पाहता तिच्यात गैर असे काही दिसत नाही, कारण जन्मजात दोषामुळे एखादे द्रव्य निर्माण करू न शकणारे यकृत काढून तेथे निरोगी यकृत बसविले तर तो दोष खरोखरच त्या यकृताबरोबर शरीराबाहेर जातो. परंतु हिपॅटायटिस-बीच्या विषाणूने ज्याचे यकृत वीस-तीस वर्षे आतून पोखरून शेवटी दगडासारखे करून टाकले आहे, अशा माणसाच्या बाबतीत ही समजूत केवळ अपुरी नव्हे, तर घातक ठरते. गावी परतलेल्या अशा रुग्णाला भेटायला आलेली मंडळी ‘आता नवं लिव्हर बसलंय, आता कशाला गोळ्या?’ असे प्रेमाने विचारतात, आणि त्या प्रेमळ प्रश्नात जो धोका दडलेला असतो, त्याचा इतिहास चाळीस वर्षांचा आहे. तो इतिहास थोड्या तपशिलाने सांगून, प्रत्यारोपणानंतर हा रोग उलटतो की नाही याचा निकाल शस्त्रक्रियेच्या दालनात जितका लागतो त्याहून अधिक तो सोनपेठ, गंगाखेड, पाथरी अशा गावांतील औषधांच्या खिडकीपाशी लागतो, हे दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम विषाणूची ओळख. बारूक ब्लुमबर्ग या अमेरिकी संशोधकाने ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तात एक अपरिचित प्रतिजन आढळल्याचे १९६५ साली प्रसिद्ध केले. पुढे ते या विषाणूचे बाह्य कवच असल्याचे निष्पन्न झाले आणि १९७६ साली ब्लुमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाला पीडा देणाऱ्या डीएनए विषाणूंत हा अत्यंत लहान. त्याची सारी संहिता सुमारे ३,२०० अक्षरांची आहे आणि ती इतकी काटकसरीने लिहिलेली आहे, की एकाच ओळीतून दोन-दोन मजकूर वाचले जातात: ज्या अक्षरांतून विषाणूचे कवच घडते, तीच अक्षरे एक घर सरकवून वाचली तर त्यांतून विषाणूची नक्कल उतरविणाऱ्या विकराचा एक भाग घडतो. ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी; तिचे महत्त्व पुढे कळेल. यकृताच्या पेशीत शिरल्यावर हा विषाणू पेशीकेंद्रात आपल्या संहितेचे एक बंद कडे करून ठेवतो. बाहेर फिरणारे विषाणू औषधाने नाहीसे करता येतात, पण या कड्यांना हात लावणारे औषध आजतागायत वापरात आलेले नाही. शिवाय रक्तातील काही पांढऱ्या पेशींत आणि यकृताबाहेरच्या इतर ठिकाणीही त्याचे अंश सापडतात. म्हणजे शल्यविशारदाने जुने यकृत समूळ काढले तरी विषाणू शरीरात उरतोच, आणि नवे यकृत त्याला आयतेच मिळते.

तेही कोणत्या अवस्थेत मिळते? परक्या अवयवाचा स्वीकार व्हावा म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम नमविलेली असते, आणि त्या औषधांपैकी स्टेरॉइड तर विषाणूच्या संहितेतील एका जागी लागू पडून त्याच्या वाढीला प्रत्यक्ष चालना देतात. ज्या विषाणूला जुन्या यकृताचा नाश करायला पंचवीस वर्षे लागली, त्याच विषाणूने नव्या यकृताचा नाश दोन-तीन वर्षांत, क्वचित काही महिन्यांतच केल्याची उदाहरणे म्हणूनच घडली. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील वैद्यांनी १९९१ साली अशा एका भयंकर अवस्थेचे वर्णन केले, जीत यकृताच्या पेशी विषाणूच्या द्रव्याने अक्षरशः फुगून जातात आणि रुग्ण आठवड्यांच्या हिशेबात दगावतो.

आता त्याच्या नक्कल करण्याच्या पद्धतीविषयी. जुन्या कचेरीत दस्तऐवजाची नक्कल उतरवून झाली, की एकाने मूळ वाचायचे आणि दुसऱ्याने नकलेवर नजर फिरवायची अशी रुजवात होत असे, आणि ती झाल्याशिवाय नकलेवर शिक्का पडत नसे. आपल्या स्वतःच्या पेशींत डीएनएची प्रत उतरते तेव्हा अशी रुजवात होते. हिपॅटायटिस-बीच्या विकराकडे मात्र तिची सोयच नाही. तो आधी आरएनएची प्रत काढतो, तीवरून पुन्हा डीएनए लिहितो, आणि लिहिलेले एकदाही पडताळून पाहत नाही. भरात असलेल्या रोगात असे विषाणू दिवसाला दहा हजार कोटींच्या घरात निर्माण होतात, असा अंदाज आहे. ३,२०० अक्षरांपैकी प्रत्येकाच्या जागी दुसरी तीन अक्षरे येऊ शकतात असे धरले तर एका अक्षराच्या चुकीचे एकूण प्रकार होतात अवघे ९,६००. तेव्हा एवढ्या प्रचंड लेखनकामाठीत संभवनीय अशी प्रत्येक एकेरी चूक रोजच्या रोज कोठे तरी होऊन जाते, हे मानण्यास फार कल्पनाशक्ती लागत नाही. बहुतेक चुका त्या नकलेलाच निकामी करतात. काही निरुपद्रवी असतात. आणि एखादी, आज निरर्थक असलेली चूक, उद्या एखादे औषध सुरू होताच त्या औषधाच्या तावडीतून सुटण्याचे साधन बनते. औषध ती चूक निर्माण करीत नाही. तिच्या अवतीभोवतीची गर्दी तेवढी साफ करते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत तिची संतती पसरते.

या प्रकाशात प्रत्यारोपणाचा इतिहास वाचावा. टॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये यकृत-प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला आणि १९६७ मध्ये त्यांना प्रथम यश आले. ऐंशीच्या दशकात ही शस्त्रक्रिया प्रयोगाच्या पायरीवरून उपचाराच्या पायरीवर आली. पण त्याच दशकाच्या अखेरीस अनेक केंद्रांनी हिपॅटायटिस-बीच्या रुग्णांना यादीबाहेर ठेवण्यास प्रारंभ केला, कारण रोग उलटण्याचे प्रमाण फार होते आणि पाच वर्षे जगणारे निम्म्याच्या आसपास. या निर्णयाला निष्ठुर म्हणणे सोपे आहे. मला तो त्या काळाच्या पुराव्यावर समर्थनीय वाटतो, कारण अवयव दुर्मिळ होते आणि एकाला दिलेले यकृत म्हणजे दुसऱ्याला नाकारलेले यकृत होते. मात्र ‘आज साधत नाही’ या विधानाचे ‘हे साधण्याजोगे नाही’ असे रूपांतर ज्या सहजतेने वैद्यकीय वर्तुळांत झाले, ती सहजता समर्थनीय वाटत नाही. दहा-पंधरा वर्षांत त्याच रुग्णांचे निष्कर्ष प्रत्यारोपणाच्या उत्तमोत्तम निष्कर्षांत गणले जाऊ लागले.

हा पालट घडविणारे पहिले साधन म्हणजे प्रतिपिंडांची लस नव्हे, तर तयार प्रतिपिंडेच. लस घेतलेल्या दात्यांच्या रक्तद्रवातून वेगळे काढलेले हिपॅटायटिस-बी इम्युनोग्लोब्युलिन हे औषध, जुने यकृत काढून झाले आहे आणि नव्यातून रक्त अजून वाहू लागलेले नाही अशा त्या विलक्षण, यकृतरहित अवधीतच सुमारे १०,००० एककांच्या मात्रेने शिरेवाटे द्यायचे, पुढे आठवडाभर रोज, आणि नंतर महिन्यामहिन्याने जन्मभर, असा क्रम ठरला. युरोपातील ३७२ रुग्णांचा ताळेबंद १९९३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले, की ज्यांना ही प्रतिपिंडे मिळाली नाहीत अथवा थोडेच दिवस मिळाली, त्यांतील सुमारे पाऊण लोकांत रोग उलटला. ज्यांना ती दीर्घकाळ मिळाली, त्यांत हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. निम्म्याहून अधिक घट झाली खरी, पण उरलेल्या ३६ टक्क्यांचे काय?

त्यांच्यापैकी अनेकांच्या रक्तात विषाणूचे कवच बदललेले आढळले. प्रतिपिंडे ज्या उंचवट्याला धरतात, त्या भागातील १४५ व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन आले, की प्रतिपिंडांची पकड सुटते. हाच बदल १९९० साली इटलीतील एका बालकात नोंदला गेला होता. बाधित मातेच्या पोटी जन्मलेल्या त्या बालकाला लस आणि प्रतिपिंडे दोन्ही देऊनही लागण झाली होती. पण या कथेचा जो उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही, तो मला अधिक उद्बोधक वाटतो. प्रत्यारोपणानंतर असा बदललेला विषाणू वाढलेल्या रुग्णांत प्रतिपिंडांचे औषध थांबविल्यावर, काही काळाने पुन्हा मूळचाच विषाणू वरचढ झाल्याचे आढळले. याचा सरळ अर्थ असा, की बदललेला विषाणू अंगभूत सामर्थ्याने श्रेष्ठ नव्हता. आपण घातलेल्या दडपणाखालीच तेवढा तो सरस होता, आणि दडपण उठताच त्याची सद्दी संपली.

तीच कथा पुढच्या अंकात अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. मुळात एचआयव्हीसाठी आलेली लॅमिव्हुडिन ही गोळी १९९८ साली अमेरिकेत हिपॅटायटिस-बीसाठी मान्य झाली. रोज एक गोळी, दुष्परिणाम नगण्य, किंमत बेताची. भारतात तर ती लवकरच फार स्वस्त झाली. रुग्णाच्या रक्तातील विषाणू काही आठवड्यांत दिसेनासा होई आणि वैद्यांना व रुग्णाला दोघांनाही कृतार्थ वाटे. परंतु विकराच्या २०४ क्रमांकाच्या जागी एक बदल झाला, की ही गोळी निष्प्रभ होते. आणि एकच बदल पुरेसा असल्यामुळे पहिल्या वर्षातच पंधरा-वीस टक्के, व पाच वर्षांत सुमारे सत्तर टक्के रुग्णांत तो बदललेला विषाणू उगवला. प्रत्यारोपण झालेल्यांत तर त्याची वार्ता १९९६-९७ मध्येच, म्हणजे औषधाला मान्यता मिळण्यापूर्वीच, येऊन पोहोचली होती. आणि येथे ती मघाची काटकसरीची संहिता उपयोगी पडते, अर्थात विषाणूला: विकरातील बदलाची अक्षरे कवचाच्याही मजकुरात मोडत असल्यामुळे, लॅमिव्हुडिनमुळे निवडलेल्या काही बदलांच्या जोडण्या कवचाचा आकार असा पालटतात, की प्रतिपिंडांची पकडही ढिली व्हावी. गोळीच्या दडपणाने प्रतिपिंडांची वाट अवघड करून ठेवावी, हे अद्भुत खरे; पण त्यात विषाणूचे कसलेही कारस्थान नाही.

कारस्थान हा शब्द मी जाणून वापरला. विषाणूंविषयी लिहिताना आपली वर्तमानपत्रे गनिमी काव्याची, बहुरूप्याची आणि शह-काटशहाची भाषा वापरतात, आणि मराठी वाचकाला ती भाषा गोड वाटणे स्वाभाविक आहे. तिच्यापासून होणारा तोटा असा, की शत्रू चतुर आहे असे एकदा म्हटले म्हणजे आपल्या हयगयीची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. विषाणूला बुद्धी नाही. एकेरी दडपण, अपुरी मात्रा, खंडित उपचार या तिन्ही गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत, आणि उत्परिवर्तनाच्या प्रत्येक यशाच्या मागे यांपैकी एक तरी असल्याचे या रोगाच्या इतिहासात आढळते. ज्या क्षणी प्रतिपिंडे आणि गोळी एकत्र देण्यात आली, त्या क्षणी रोग उलटण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आले. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील वैद्यांनी तर महिन्याला केवळ ४०० ते ८०० एककांची स्वस्त मात्रा गोळीच्या जोडीने देऊन पाच वर्षांअखेर ते चार टक्क्यांवर आणून दाखविले. पुढे २००५ मध्ये एंटेकॅव्हिर आणि २००८ मध्ये टेनोफोव्हिर या गोळ्या आल्या, ज्यांच्यापासून सुटण्यासाठी विषाणूला एका चुकीने भागत नाही, अनेक चुका एकाच नकलेत जुळून याव्या लागतात. म्हणून हाँगकाँगमधील वैद्यांनी प्रतिपिंडे वगळून केवळ एंटेकॅव्हिरवरही प्रत्यारोपित रुग्ण सांभाळून दाखविले. विषाणू तोच, त्याचा निष्काळजी लेखनिकही तोच. केवळ आपण नेट लावून, सलग आणि दुहेरी दाबले.

येथवरचे सारे लंडन, हाँगकाँग आणि मेलबर्नचे झाले; सोनपेठचा त्याच्याशी संबंध काय, असे विचारणारा वाचक भेटेलच. गोदावरीच्या दक्षिणेकडील या कापूस, ऊस आणि सोयाबीनच्या तालुक्यात प्रत्यारोपणाची सोय नाही, आणि असावी अशी अपेक्षाही कोणी करणार नाही. ग्रामीण रुग्णालय आहे. पलीकडे परभणी, अंबाजोगाई, नांदेडची शासकीय रुग्णालये आहेत. त्यापुढे छत्रपती संभाजीनगर, पुणे, आणि आमच्या भागातील जुन्या रिवाजाप्रमाणे हैदराबाद. १९९४ च्या कायद्याने अवयवदानाला कायदेशीर चौकट मिळाली, १९९८ मध्ये दिल्लीत देशातील पहिले यशस्वी यकृत-प्रत्यारोपण झाले, आणि आज महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर अशा चार विभागीय समित्या मृत दात्यांच्या अवयवांची वाटणी पाहतात. पण रुग्ण त्या शहरांत पोहोचतो तेव्हा त्याच्या रक्तातील विषाणूचा स्वभाव आधीच ठरून गेलेला असतो, आणि तो ठरविणारी माणसे तालुक्याची असतात.

कावीळ झाली म्हणजे आमच्याकडे प्रथम माळ घातली जाते. डोक्यावर घातलेली ती काड्यांची माळ हळूहळू सैल होऊन गळ्याशी आली, की कावीळ उतरली असे समजायचे. शिवाय हातावर चुन्याचे पाणी ओतून पिवळे पाणी निघताना पाहण्याचा विधी आहेच. या उपायांवर हसण्यापेक्षा त्यांना यश का येते हे पाहणे बरे. धडधाकट प्रौढाला हिपॅटायटिस-बी झाला तर शंभरांतील पंचाण्णवांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो, आणि श्रेय माळेला मिळते. उरलेल्या पाचांच्या, आणि आईकडून जन्मतःच तो घेऊन आलेल्या मुलांच्या बाबतीत कावीळ दिसतही नाही. विषाणू मुकाट्याने काम करीत राहतो. त्या माणसाची गाठ चाळिशीत कोणा डॉक्टरांशी पडते, दोन हजारच्या दशकात त्याला लॅमिव्हुडिन लिहून दिले जाते, वर्षभर बरे वाटते, गोळी सुटते, पुन्हा धरली जाते, आणि चिठ्ठ्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत किंवा पावसात विरून जातात. पुढे दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या शहरातला तज्ज्ञ विचारतो, ‘पूर्वी कोणती गोळी घेत होता?’ आणि उत्तर मिळते, ‘पांढरी.’ विषाणूजवळ मात्र त्या गोळीची नोंद शाबूत असते, कारण पेशीकेंद्रातील त्या बंद कड्यांच्या दप्तरखान्यात जुन्या चुकीच्या नकला सांभाळून ठेवलेल्या असतात. लॅमिव्हुडिनला न जुमानणारा विषाणू ज्याच्यात आहे, त्याला एंटेकॅव्हिर एकटे दिले तर पाच वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांत तेही निकामी होते. ज्याने पूर्वी काहीच घेतलेले नाही, त्याच्यात हे प्रमाण एक-दोन टक्केसुद्धा भरत नाही. तज्ज्ञाच्या हातचे एक उत्तम हत्यार अशा रीतीने कोणा अनामिक चिठ्ठीने बोथट करून ठेवलेले असते.

दुसरी गोष्ट उसाच्या फडाची. दसरा-दिवाळी झाली, की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवून सांगली-कोल्हापूर-कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. यांपैकी एखाद्याला टेनोफोव्हिर सुरू असेल, तर त्याने ती गोळी पाच-सहा महिने आणायची कोठून? शासनाने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, त्यात ही औषधे विनामूल्य मिळतात, आणि ही गोष्ट खरोखर मोठी आहे. तिचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु नोंद एका जिल्ह्यात, फड दुसऱ्यात, आणि तोडणीचा दिवस बुडाला तर कोयत्याची मजुरी बुडते, अशा स्थितीत विनामूल्य गोळीसुद्धा महाग पडते. ही गोळी एकाएकी तुटली तर दबलेला विषाणू उसळून यकृत अचानक बिघडू शकते. प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या बाबतीत तर तो प्राणावरचा प्रसंग असतो.

उत्परिवर्तनांचा एक प्रकार असा आहे, की त्याने यकृताइतकीच कागदाचीही फसगत होते. ‘ई’ नावाचे एक प्रतिजन रक्तात नसले म्हणजे विषाणू निद्रिस्त, असे पूर्वी मानीत. पण १८९६ व्या अक्षरापाशी एक विरामचिन्ह पडले, की ते प्रतिजन तयार होणे थांबते आणि विषाणूची वाढ मात्र चालू राहते. आपल्या देशात आढळणाऱ्या ‘डी’ जातीत हा बदल विशेष आढळतो. गुजरातेतील तेव्हाच्या साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा येथे २००९ साली हिपॅटायटिस-बीची जी साथ आली आणि जीत अनेकांचे बळी गेले, तिचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने केला, तेव्हा या बदलाचा व त्याच्या शेजारच्या आणखी एका बदलाचा त्या मृत्यूंशी संबंध दिसून आला. मात्र साथ पसरली ती निर्जंतुक न केलेल्या, पुन्हा वापरलेल्या सुयांनी. ‘सुई दिल्याशिवाय गुण येत नाही’ ही श्रद्धा मोडाशाएवढीच मराठवाड्यातही बळकट आहे, आणि डॉक्टरांच्या दारात बसून सुईचा आग्रह धरणाऱ्या रुग्णाला आपण कशाला निमंत्रण देत आहोत, हे क्वचितच ठाऊक असते. तालुक्याच्या प्रयोगशाळेत जी पट्टीची तपासणी होते, तीही कवच ओळखते. कवचच बदललेले असेल तर काही पट्ट्या ‘निगेटिव्ह’ म्हणून मोकळ्या होतात. प्रत्यारोपित रुग्णाच्या रक्तातील विषाणूच्या डीएनएचे प्रत्यक्ष मोजमाप ठरल्या मुदतीने व्हावे लागते ते एवढ्यासाठीच, आणि त्याचा नमुना पुढे पाठविण्याची व्यवस्था हा चैनीचा विषय नव्हे.

इतके ऐकल्यावर, विषाणू कवच बदलू शकतो तर लस टोचण्यात अर्थ काय, अशी शंका काही सुशिक्षित काढतात. तिला मोघम उत्तर देण्यापेक्षा आकडे द्यावेत. तैवानने १९८४ साली बाधित मातांच्या नवजात बालकांना ही लस देण्यास आरंभ केला आणि पुढे ती सर्व नवजात बालकांना दिली. त्या वर्षी तैपेई शहरातील बालकांत ९.८ टक्के बाधित होती. दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, १.३ टक्के. बाधितांपैकी कवच बदललेल्या विषाणूचे प्रमाण मात्र ७.८ टक्क्यांवरून २८.१ टक्क्यांवर गेले, आणि लसविरोधक नेमका हाच आकडा पुढे करतात. त्याचा गुणाकार करून पाहावा: १९८४ मध्ये दर हजार मुलांत बदललेला विषाणू असलेली मुले सुमारे साडेसात, १९९४ मध्ये साडेतीन-पावणेचार. म्हणजे लसीने मूळ विषाणू तर हटविलाच, पण बदललेला विषाणूही हजारी निम्म्यावर आणला. वाढला तो केवळ उरलेल्यांतला त्याचा वाटा.

आपल्याकडे ही लस स्वस्त होण्याचे श्रेय बव्हंशी हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सला जाते, जिने १९९७ साली पहिली देशी बनावटीची हिपॅटायटिस-बी लस बाजारात आणली. सार्वत्रिक लसीकरणात ती टप्प्याटप्प्याने शिरली आणि २०११ पर्यंत देशभर पोहोचली. यांतील निर्णायक मात्रा जन्माची. मूल बाधित मातेकडून लागण घेऊन आले तर दहांपैकी नवांत ती आयुष्यभराची होते. म्हणून पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत, अर्धा मिलिलिटर, डाव्या मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूस. एवढीशी गोष्ट अडते कोठे? कुपी दहा मात्रांची असते, रात्री अडीचला एकच बाळंतपण झालेले असते, आणि एका बाळासाठी दहांची कुपी फोडावी तर उरलेल्या नऊंचा हिशेब कोण देणार, या धास्तीने परिचारिका सकाळची वाट पाहते, सकाळी रविवार निघतो. वास्तविक उघडलेली कुपी नियमाने सांभाळल्यास २८ दिवस वापरता येते. शीतपेटीत ही लस दोन ते आठ अंशांत हवी. गोठली तर वाया जाते, आणि दिसायला पुन्हा तशीच दिसते. ती ओळखण्याची एक साधी रीत आहे: मुद्दाम गोठवून वितळविलेली एक कुपी आणि संशयित कुपी दोन्ही एका हातात धरून हलवायच्या आणि टेबलावर ठेवून पाहायचे, गोठून गेलेल्या लसीत पिसासारखे कण दिसतात आणि ते भराभर तळाशी बसतात, चांगली लस बराच वेळ गढूळ राहते. उपकेंद्रातील टेबलावर, उजेडाकडे डोळे बारीक करून हे पाहणारी बाई यकृत-प्रत्यारोपणाच्या शास्त्रात काही एक भर घालीत असते, असे मी अतिशयोक्ती न करता म्हणतो.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की वीस-पंचवीस लाखांच्या प्रत्यारोपणावर पैसा व बुद्धी खर्चण्यापेक्षा ती सारी लसीकडे वळवावी. हा युक्तिवाद सभांतून टाळ्या घेतो, पण तो मला मान्य नाही. आज जो माणूस पोटात पाणी होऊन अंथरुणाला खिळला आहे, तो लस नसलेल्या काळात जन्मला हा त्याचा अपराध नव्हे. शिवाय आपल्या देशात बहुतेक यकृते जिवंत दात्याकडून येतात, आणि दाता म्हणजे पुष्कळदा बायको, आई अथवा बहीण असते. पुरुषासाठी स्त्रीने पोट चिरून घ्यावे हे आपल्या घरांना जितके सहज वाटते तितके उलट वाटत नाही, हे कटू असले तरी खरे आहे. अशा स्त्रीने दिलेला यकृताचा तुकडा तीन वर्षांत गोळी सुटल्यामुळे पुन्हा त्याच विषाणूच्या स्वाधीन व्हावा, यात केवळ रुग्णाची हानी नाही. दात्याची संमती घेताना शस्त्रक्रियेतील जोखीम सांगतात. तीबरोबर, पुढे गोळ्यांचा आणि तपासण्यांचा पुरवठा कोण, कोठून, किती वर्षे करणार, याचा लेखी मसुदाही तिच्यापुढे ठेवला जावा, आणि तो पाहून तिला नाही म्हणता यावे.

मग प्रत्यक्षात करावयाचे ते काय? जिल्ह्याच्या औषध-भांडारातून तालुक्याच्या खिडकीवर टेनोफोव्हिर अखंड यावे; रुग्णाच्या जुन्या-नव्या प्रत्येक विषाणुरोधक गोळीचे नाव, आरंभ आणि शेवट यांची एक कायम पुस्तिका असावी, जी बाळाच्या लसीकरणाच्या कार्डासारखी माणसाबरोबर फिरेल; आणि फडावर जाणाऱ्याला निघण्यापूर्वी एकदम सहा महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात. या शेवटच्या सूचनेवर आक्षेप येईल, की माणसे गोळ्या हरवतात, विकतात, किंवा मुकादमाच्या ट्रॅक्टरवर त्या उन्हाने खराब होतात, आणि साठ्याचा मेळ लागत नाही. काही गोळ्या हरवतील, हे मी कबूल करतो. पण हरवलेल्या शंभर गोळ्यांची किंमत आणि तुटलेल्या उपचारातून उलटलेल्या एका रोगाची किंमत यांची बेरीज एकाच वहीत मांडण्याची प्रथा नसल्यामुळे पहिली खर्चात दिसते आणि दुसरी कोठेच दिसत नाही. तेव्हा येत्या दसऱ्यापूर्वी एका तालुक्यापुरता का होईना, हा साठा देऊन पाहावा, आणि उन्हाळ्यात परत आलेल्यांच्या रक्तातला विषाणू मोजावा.